यमूच्या गरजा

शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तकांमुळे अब्राहम मास्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा त्रिकोण आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. तळाशी अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम, मग मान, आणि शिखरावर आत्मविकास. खालची पायरी भरल्यावाचून वरची जाणवत नाही, असे आम्हीही वर्षानुवर्षे फळ्यावर काढून सांगत आलो. मोहगावी वर्गात हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीतील यमूची कथा सांगत असता एका विद्यार्थिनीने विचारले, "पण सर, तिला जेवायला तर मिळत होते ना?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही.

प्रश्न रास्त होता. 1890 पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः आलेली ही आत्मकथनपर कादंबरी उपासमारीची कथा नव्हे. पुण्याच्या पांढरपेशा घरातील यमू रघुनाथरावांसमवेत मुंबईस जाते, वाचू लागते, मैत्रिणी जोडते. त्रिकोणाच्या भाषेत ती शिखराच्या जवळ पोचते. पुढे पती वारतो, ती पुण्यास परतते आणि शंकरमामंजींच्या सत्तेखाली तिचे बळाने केशवपन होते. आसरा आहे, पण तो आसराच तिच्यावर चालवण्याचे शस्त्र बनतो. ज्या छपराने तळची गरज भागते तेच छप्पर वरची हिरावून घेते. पायऱ्या एकीवर एक रचलेल्या असतात ही आमची समजूत येथे उपयोगी पडत नाही.

1943 च्या मास्लोच्या मूळ निबंधाकडे वळलो तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. त्यात त्रिकोण नाहीच. तो पुढच्या लोकांनी काढला. आणि ज्याकडे पाठ्यपुस्तके दुर्लक्ष करतात असा एक परिच्छेद तेथे आहे. बोलण्याचे, जाणून घेण्याचे व स्वतःचा बचाव करण्याचे स्वातंत्र्य, तसेच न्याय, यांना मास्लो गरजांच्या पूर्तीच्या पूर्वअटी म्हणतो. यमूची खरी उणीव येथे आहे. तिच्या डोक्यावरील केसांविषयी एक शब्द बोलण्याचा अधिकार तिला नव्हता.

एका काल्पनिक स्त्रीला अर्धशतकानंतरचे माप लावणे हा अन्याय होय, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही, कारण त्या काळच्या सुधारकांच्या कृतीतही हाच भेद दिसतो. 1856 च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता मिळाली, पण घरात बोलण्याची मुभा कोणता कायदा देणार? फुले दांपत्याने 1863 मध्ये पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले; ते मुख्यतः जिवाच्या रक्षणाचे कार्य होते. 1882 मध्ये, आमच्या शेजारच्या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून वादालाच हात घातला. (ज्या मोहगावात अर्धनारीश्वराचे देवालय आहे तेथेही ताराबाईंचे नाव ठाऊक असलेले थोडेच, याचे आम्हांस नवल वाटते.) मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. म्हणजे वस्तरा ज्यांच्या हातात, त्यांनीच तो खाली ठेवला. यमूची कथा छापून येऊ लागली तेच हे वर्ष होय.

पंडिता रमाबाईंचे शारदासदन 1889 मध्ये मुंबईत उघडले. तेथे अन्न, निवारा आणि शिक्षण एकाच दारातून मिळत होते. आधी हे, मग ते, असा क्रम नव्हता. त्या सदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये विवाह केला, आणि पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून त्यांनी 'माझे पुराण' हे आत्मचरित्र स्वतः सांगितले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या विद्यार्थिनीस म्हणालो, "जेवायला मिळत होते, पण ती काही म्हणाली तर ऐकणारे कोणी नव्हते." तिने क्षणभर विचार करून म्हटले, "म्हणून तिने लिहून ठेवले का?"