पद्मिनीत स्पीकर, पण पत्रा न कापता!

कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या प्रीमिअर पद्मिनीची अखेरची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. हौशी मालकांनी जपलेल्या खासगी पद्मिनी मात्र आजही दिमाखात धावत आहेत. त्यांत चांगले संगीत ऐकायचे म्हटले, की पहिली कुऱ्हाड कोसळते ती दरवाजाच्या पत्र्यावर. एकदा कापलेला पत्रा पूर्ववत होणे कठीण. शिवाय जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी असल्यास तिच्या चॅसिस, बॉडी शेल वा इंजिनात फेरफार झालेला चालत नाही. स्पीकरचे भोक हा फेरफार ठरतो का, हा वाद आरटीओच्या खिडकीशी घालण्यापेक्षा फायबरग्लासचे सुटे पॅनेल घडविणे शहाणपणाचे.

त्यासाठी उत्तम जागा म्हणजे डॅशबोर्डखाली, पायांशेजारच्या बाजूच्या भिंती. डावा व उजवा स्पीकर येथे बसविल्यास दोघांचे श्रोत्यापासूनचे अंतर दरवाजांच्या तुलनेत अधिक जुळते आणि गायकाचा आवाज समोरून आल्यासारखा भासतो. अडचण एकच. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि ॲक्सिलरेटर त्याच भिंतीलगत असतो. त्यामुळे उजवे पॅनेल उथळच ठेवावे. बूट घालून पेडल दाबून पाहिल्याखेरीज माप पक्के करू नये.

प्रथम पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर देऊन त्यावर मेणाचे पॉलिश लावावे. मग पॉलिस्टर रेझिनमध्ये भिजविलेल्या काचतंतूंच्या मॅटचे दोन-तीन थर चढविले, की भिंतीच्या आकाराचा तळ तयार होतो. त्यावर एमडीएफची गोल कडी लाकडी टेकू देऊन उभी करावी. कडीचा कोन कागदावर ठरत नाही. स्पीकर तात्पुरता ठेवून, नेहमीच्या आसनावर बसून, कानानेच ठरवावा लागतो. नंतर कडीवरून ताणलेले कापड रेझिनने भिजवून कडक होऊ द्यावे आणि आतून पुन्हा मॅटचे थर द्यावेत. हा आतला थर वाचविला, तर पॅनेल स्पीकरबरोबर थरथरते आणि सारी मेहनत पाण्यात जाते.

रेझिनशी खेळ मात्र नको. हार्डनरचे प्रमाण साधारणतः वजनाच्या एक ते दोन टक्के असते. जास्त झाल्यास मिश्रण तापून तडकते. कोबाल्ट वेगळा मिळाल्यास तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, हार्डनर त्यानंतर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले, तर भडका वा स्फोट होऊ शकतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टीला कायमची इजा संभवते. चष्मा, हातमोजे, वाफ रोखणारा मास्क आणि मोकळी हवा यांत तडजोड नको. घासताना उडणाऱ्या काचेच्या धुळीसाठीही मास्क हवाच.

शेवटी पुट्टी, घासकाम आणि आसनांशी जुळणारे रेक्झिन. रेक्झिनच्या जाडीसाठी कडेला एक-दोन मिलिमीटर जागा सोडावी, पत्रा व पॅनेल यांमध्ये फोमची पट्टी लावावी आणि पॅनेल मूळ स्क्रूंच्या भोकांतच कसावे. काढलेले मूळ अस्तर माळ्यावर जपून ठेवावे.