शिकाऊ हाताशेजारचा मिस्त्री

इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात ‘त्रिंकोमाली’ नावाचं सागवानी लढाऊ जहाज आजही तरंगत उभं आहे. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ते मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलं. बांधणारे होते जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांचे आजोबा लवजी नसरवानजी 1736च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले आणि या गोदीचे मुख्य बांधणीकार झाले. लवजींनी आपल्या दोन नातवांना, फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी यांना, आधी चांगलं शिक्षण दिलं. मग त्याच गोदीत महिना 12 रुपयांवर सुतार म्हणून कामाला लावलं. आजोबांचं पद पुढे चालवायचं, तर आधी वाकस हातात धरायला हवी, हा त्यामागचा हिशेब.

कुशल कामातल्या उमेदवारीचा मुंबईपुरता मागोवा मी या गोदीपासून सुरू करतो, कारण शिकणारा आणि शिकवणारा इथे एकाच फळीवर काम करताना दिसतात. गावगाड्यातल्या सुतार-लोहाराच्या घरीही तेच होतं. मुलगा बापाच्या हाताखाली भाता ओढत, लाकूड धरत मोठा होई. त्याला करार नव्हता आणि फीही नव्हती. पण जातीबाहेरच्या पोराला तिथे शिरकाव नव्हता, आणि मुलींना तर घरातल्या घरातही तो नव्हता. त्या व्यवस्थेची आठवण गोड करून सांगणाऱ्यांनी ही बाब वगळू नये.

वाफेचं युग आलं तसं घरचं ज्ञान पुरेना. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे वाडिया घराण्यातले दोन चुलतभाऊ 1838 मध्ये विलायतेला गेले आणि चॅटमच्या सरकारी गोदीत जहाजबांधणी शिकले. घराण्याची विद्या परक्या कारखान्यात जाऊन नव्याने शिकून यावी लागण्याची वेळ तेव्हा आली होती.

कागदावरची उमेदवारी आपल्याकडे आली ती 1850च्या कायद्याने. 10 ते 18 वर्षांच्या मुलाला बाप किंवा पालक एखाद्या धंद्यात करारानं बांधून देऊ शकत होता. मुदत जास्तीत जास्त 7 वर्षं, तीही मुलगा 21 वर्षांचा होईपर्यंतच; मुलगी असेल तर तिचं लग्न होईपर्यंत. गरीब आणि अनाथ मुलांची सोय लावणं हा या कायद्याचा मोठा हेतू होता. मूल पोटाला लागावं आणि भटकू नये, याची चिंता त्यात दिसते. ते मूल नेमकं काय आणि कोणाच्या नजरेखाली शिकणार, याबद्दल मात्र फारसा विचार दिसत नाही.

पुढे परळला रेल्वेचे मोठे कारखाने उभे राहिले, गिरण्या वाढल्या, 1887 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. वर्गातलं शिक्षण एकीकडे आणि मशीनवरचं शिक्षण दुसरीकडे, ही फाळणी तेव्हापासूनची. गिरणीत नव्या माणसाला काम शिकवणारे त्याचेच नातेवाईक, गाववाले, शेजारच्या सांच्यावरचे लोक. त्यामुळे ज्याचा माणूस आत नाही, त्याला शिकण्याची वाटही नाही. विणकाम खात्यात तर अस्पृश्य कामगारांना मज्जावच होता. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावं लागे, आणि त्यांचं तोंड लागलेला धोटा इतर कामगार वापरायला तयार नसत. जास्त पगाराचं काम याच खात्यात होतं. 1928च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. कौशल्य शिकण्याचा हक्क हा पोटाचा हक्क आहे, हे त्या मागणीत स्पष्ट होतं.

त्या दृष्टीने 1961चा शिकाऊ उमेदवार कायदा मला मोलाचा वाटतो. 1973च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या. ज्या खात्याच्या दारातून माणसांना परत पाठवलं जाई, तिथे शिकायला बसण्याची जागा कायद्यानं बांधून मिळाली. त्याच दुरुस्तीने पदवी आणि पदविकाधारकही उमेदवारीत आले. मालकाने शिकवण्याची नीट व्यवस्था करावी आणि योग्य पात्रतेचा माणूस प्रशिक्षणावर नेमावा, हे कलमही कायद्यात आहे.

मला त्यातलं आणखी एक कलम महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. एखाद्या ट्रेडमध्ये किती उमेदवार घ्यायचे, हे त्याच ट्रेडमधल्या कामगारांच्या प्रमाणात ठरे. अकुशल कामगार त्या मोजणीत धरत नसत. फिटरचे उमेदवार घ्यायचे, तर फिटर हवेत. उमेदवाराच्या शेजारी त्याच कामातला जाणता हात असणार, हे त्या आकड्यानेच गृहीत धरलं होतं.

2014 मध्ये कायदा बदलला. त्यानंतरच्या नियमांनी उमेदवारांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या टक्क्यांत बांधली: किमान 2.5 टक्के, कमाल आधी 10 आणि 2019 पासून 15 टक्के. कंत्राटी माणसंही या मनुष्यबळात धरली जातात. मालकांना मोकळीक मिळाली, जागा वाढल्या, आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या पोरांना दारं उघडली, हे चांगलंच झालं. पण मोजणीतून तो शेजारचा फिटर निघून गेला. 2016च्या उमेदवारीच्या राष्ट्रीय योजनेत 2023पर्यंत सरकार मालकाला उमेदवाराच्या विद्यावेतनाचा वाटा देत असे. मिस्त्रीच्या शिकवण्याच्या तासाची किंमत मात्र त्यात वेगळी धरलेली नव्हती.

तो तास काय असतो, हे शॉपफ्लोअरवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. नवा पोरगा कानस मारतो तेव्हा ती हातात झुलते आणि जॉबच्या कडा उतरतात. मिस्त्री गुण्या लावून जॉब उजेडासमोर धरतो आणि फटीतून येणारा उजेड त्याला दाखवतो. ड्रिलला धार लावताना दोन्ही ओठ सारखे झाले नाहीत तर भोक मापापेक्षा मोठं पडतं. पुस्तकात हे एका ओळीत संपतं, हाताला बसायला आठवडे जातात. लेथवर हायस्पीड स्टीलच्या टूलनं काम चालू असताना चिपा निळ्या पडायला लागल्या की गती उतरवायची, हे कोणीतरी त्या क्षणी खांद्याशी उभं राहून सांगावं लागतं. तेवढा वेळ मिस्त्रीचं स्वतःचं मशीन थांबलेलं असतं. संध्याकाळी उत्पादनाचा आकडा विचारला जातो तेव्हा तो कमी भरतो, आणि बोलणी मिस्त्री खातो. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो पोराला झाडू देतो किंवा चहा आणायला पाठवतो. त्याला मी दोष देणार नाही.

जर्मनीत 1969च्या व्यवसायशिक्षण कायद्याने शिकवणाऱ्याची पात्रता हीच उमेदवारीची अट केली, आणि 1972 पासून उद्योगातल्या प्रशिक्षकांनी शिकवण्याची क्षमता सिद्ध करावी असा नियम झाला. आपल्याकडे मुंबईत चुनाभट्टीला निदेशक घडवणारी केंद्र सरकारची संस्था आहे, ती उत्तम काम करते. पण तिथून तयार होणारे निदेशक प्रामुख्याने आयटीआयच्या वर्गासाठी असतात. मशीनशेजारच्या मिस्त्रीपर्यंत ते शिक्षण पोचायला हवं.

ज्यांच्या कारखान्यात उमेदवार आहेत त्यांना माझी विनंती एवढीच: करारावर उमेदवाराच्या नावासमोर त्याला शिकवणाऱ्या मिस्त्रीचंही नाव लिहा, एका मिस्त्रीकडे दोनापेक्षा जास्त पोरं देऊ नका, आणि शिकवण्याचे तास त्याच्या उत्पादनाच्या आकड्यातून वजा करून त्याचे पैसे त्याला द्या. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही.