‘हस्तिदंती मनोरा’ : एका वाक्प्रचाराचे अर्थांतर

मराठी समीक्षेत ‘हस्तिदंती मनोरा’ हा शब्दप्रयोग बहुधा आरोपाच्या रूपात येतो. एखादा लेखक वा अभ्यासक हस्तिदंती मनोऱ्यात राहतो असे म्हटले, की व्यावहारिक जीवनाशी आणि समाजाच्या सुखदुःखांशी त्याचा संबंध उरलेला नाही, असा निर्णयच दिला जातो. फडके-खांडेकर यांच्या नावांशी निगडित असलेल्या कलावाद-जीवनवादाच्या चर्चेने ज्या द्वंद्वात विचार करण्याची सवय लावली, त्यात हा शब्दप्रयोग सहज सामावला. परिणामी तो प्रथम कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या अर्थाने योजिला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

या प्रतिमेचे मूळ हिब्रू बायबलमधील ‘गीतरत्ना’त आहे. त्याच्या सातव्या अध्यायात प्रेयसीच्या मानेला हस्तिदंती मनोऱ्याची उपमा दिली आहे. तेथे एकांताची सूचनाही नाही. आहे ती शुभ्र कांती आणि उन्नत डौल. याच काव्याच्या चौथ्या अध्यायात तिची मान ढाली टांगलेल्या दाविदाच्या बुरुजासारखी आहे. सौंदर्य आणि अभेद्यता हे या प्रतिमेचे मूळ घटक होत. पुढे ख्रिस्ती परंपरेने हे प्रेमगीत आध्यात्मिक रूपक म्हणून वाचले आणि ही उपमा मरियेकडे वळली. पोप सिक्स्तुस पाचवे यांनी १५८७ मध्ये मान्यता दिलेल्या लोरेतोच्या प्रार्थनामालिकेत ‘हस्तिदंती मनोरा’ हे मरियेचे एक नामाभिधान आहे. गोव्यातील ख्रिस्ती घरांत ही नामावली लॅटिनमध्ये गायिली जाते. समीक्षेत जो दोष, तोच प्रार्थनेत स्तुती ठरतो.

आधुनिक अर्थाचा उगम १८३७ मध्ये सापडतो. फ्रेंच समीक्षक सँत-बव्ह याने व्हिलमँ यांना उद्देशून लिहिलेल्या एका काव्यपत्रात समकालीन कवींची तुलना केली. ह्यूगो चिलखत घालून रणांगणात झुंजत राहिला. आल्फ्रेद द व्हिन्यी मात्र दुपार होण्यापूर्वीच जणू आपल्या हस्तिदंती मनोऱ्यात परतला, असा त्या ओळींचा आशय आहे. येथे ‘परतणे’ या क्रियापदाकडे लक्ष द्यावयास हवे. परततो तो, जो आधी बाहेर पडलेला असतो. शिवाय हा उल्लेख निषेधाचा म्हणता येत नाही. त्यात किंचित उपरोध असला तरी आदरही आहे.

व्हिन्यीच्या फ्रान्समधील मेन-जिरो येथील वाडीवरूनच हा शब्दप्रयोग सुचला असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कालक्रम त्याला अनुकूल नाही. तेथील त्याचा दीर्घ निवास १८३८ मध्ये सुरू झाला. प्रतिमा त्याआधीची आहे. दुसरे असे, की ज्याच्यावर ती प्रथम लादली गेली, तो समाजाविषयी उदासीन नव्हता. त्याच्या ‘चॅटर्टन’ (१८३५) या नाटकाचा विषयच समाजाने उपेक्षिलेल्या कवीचा मृत्यू हा आहे. १८४८ च्या क्रांतीनंतर तो निवडणुकीसही उभा राहिला आणि पराभूत झाला.

पुढील काळात खुद्द लेखकांनीच ही प्रतिमा स्वीकारली. नेर्व्हालच्या ‘सिल्व्ही’मध्ये (१८५३) ती गर्दीपासून दूर जाऊ पाहणाऱ्या कवींचे आश्रयस्थान आहे. फ्लोबेरने १८७२ मध्ये तुर्गेनेव्हला लिहिलेल्या पत्रात आपल्या मनोऱ्याच्या भिंतींवर घाणीची लाट आदळत असल्याची तक्रार केली. मनोरा ढासळू लागल्याची ही जाणीव आत राहणाऱ्याचीच आहे. विसाव्या शतकात, विशेषतः फॅसिझम आणि महायुद्ध यांच्या छायेत, तटस्थता हाच अपराध ठरू लागला. या शब्दप्रयोगाचा इतिहास लिहिणाऱ्या स्टीव्हन शेपिन यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की कवी-कलावंतांचा हा मनोरा विद्यापीठांच्या माथी मारला गेला तो बराच उशिरा, गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास.

याच काळात एर्विन पॅनोफ्स्की या कलेतिहासकाराने मनोऱ्याचे समर्थन केले. मनोऱ्यावरील माणसापाशी कृतीचे सामर्थ्य नसते, पण दूरचे पाहण्याचे आणि सावध करण्याचे असते, असा त्याचा युक्तिवाद होता. नाझींनी १९३३ मध्ये हँबुर्गच्या विद्यापीठातून दूर केलेल्या या विद्वानाने तो करावा, याला निश्चित अर्थ आहे. मराठीने ‘मनोरा’ हा शब्द निवडला. त्यात उंची आणि शोभा आहे, परंतु ‘बुरूज’ या शब्दातील पहारा त्यात नाही. आणि पहारा वगळला की उरते ती केवळ अलिप्तता.

म्हणून दोन गोष्टींत भेद करणे अगत्याचे ठरते : कामासाठी पत्करलेला एकांत आणि जगाविषयीची बेफिकिरी. हा भेद आपल्या परंपरेला अपरिचित नाही. भंडारा डोंगरावरील तुकारामांच्या एकांताला मराठी माणसाने कधी पलायन मानले नाही, कारण त्या एकांतातून लोकांकडे येणारी वाट खुली होती. लेखक कोठे बसतो, यावरून त्याचा निवाडा करता येत नाही. तेथून त्याला काय दिसले आणि ते त्याने आपल्यापर्यंत पोहोचविले की नाही, हे त्याच्या लेखनातच पाहावे लागते. ‘हस्तिदंती मनोरा’ म्हणून मोकळे होणारी समीक्षा नेमके हेच पाहण्याचे श्रम टाळते.