प्रस्तावना : ॲल्युमिनियम टिगने जोडताना

लोखंडावर हात बसलेला वेल्डर पहिल्यांदा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर टिगची टॉर्च धरतो तेव्हा बहुधा एकच गोष्ट घडते. काही सेकंद काहीच होत नाही. पत्रा लाल होत नाही, पिवळा होत नाही, नुसता मळकट दिसत राहतो. मग कसलीही सूचना न देता मधला भाग खाली बसतो आणि तिथे भोक पडते. या धातूची पहिली ओळख पुष्कळांना अशीच होते, आणि त्यातले बरेचजण तिथेच ठरवून टाकतात की हे काम हातातच असावे लागते, शिकून येत नाही.

हे मत मला मुळातच पटत नाही. हाताची सफाई लागते आणि ती सरावानेच येते, यात वाद नाही. पण ॲल्युमिनियमवर नवशिक्याला आडवे येते ते हातापेक्षा धातूबद्दलचे अज्ञान. लोखंडाचे काम उस्तादाशेजारी उभे राहून, नुसते बघून बरेचसे उचलता येते, कारण लोखंड आपली अवस्था रंगाने सांगते. ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही. म्हणून इथे आधी थोडे समजून घेऊन मग टॉर्च उचललेली बरी. वाचनात गेलेले दोन दिवस पत्रे फुकट घालवण्याचे काही महिने वाचवतात. तुम्ही भोसरी-चाकणच्या कारखान्यातून आला असाल, आयटीआयचा वेल्डर ट्रेड करून आला असाल किंवा घरामागच्या शेडमध्ये हौसेने मशीन मांडले असेल, सुरुवात सगळ्यांची एकाच जागेपासून होते. ती जागा म्हणजे धातूच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर.

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. हवेशी संबंध येताच त्यावर जो ऑक्साइड धरतो तो वितळायला मात्र दोन हजार अंशांच्या पुढे जावे लागते. थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्याला न दिसणारा. घासून काढला तरी क्षणात परत येतो. गंज लोखंडाला खातो. हा थर उलट ॲल्युमिनियमला वाचवतो, म्हणूनच जर्मनची पातेली पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. वेल्डरला मात्र तोच नडतो. आत धातू पाणी झालेला असतो आणि वर थर तसाच शाबूत, सायीखाली दूध असावे तसा. दोन पत्र्यांच्या कडा शेजारी वितळूनही एकमेकींत मिसळत नाहीत, कारण प्रत्येकीच्या अंगावर स्वतंत्र साय आहे. फिलर रॉड टेकवली तर ती वरच्या वर गोळा होऊन घरंगळते. पुढची सगळी यंत्रसामग्री, म्हणजे आर्गॉन, एसी करंट, बॅलन्सचा नॉब, स्टेनलेसचा ब्रश, या एका थराला उत्तर म्हणून जमा झालेली आहे. हे लक्षात ठेवले की मशीनवरच्या बटणांची भीती निम्मी कमी होते.

टिगच्या आधी ॲल्युमिनियम गॅसच्या ज्योतीने जोडत, आणि थर घालवायला क्लोराइड-फ्लोराइडचे फ्लक्स वापरत. फ्लक्स थर खाई हे खरे, पण सांध्यात थोडा जरी राहिला तर पुढे धातूही खाई. विमानाच्या कारखान्यांना हे परवडणारे नव्हते. निष्क्रिय वायूच्या आडोशाने वेल्डिंग करण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे हॉबर्ट आणि डेव्हर्स यांनी १९२० च्या दशकातच हेलियम आणि आर्गॉन वापरून प्रयोग केले होते. पण वायू महाग, आणि तशी निकडही नव्हती. निकड आणली महायुद्धाने. कॅलिफोर्नियातील नॉर्थ्रॉप कंपनीला मॅग्नेशियमचे लढाऊ विमान बांधायचे होते आणि मॅग्नेशियम उघड्या हवेत वितळवणे म्हणजे आगीशी खेळ. तिथल्या रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास टंगस्टनचा इलेक्ट्रोड आणि भोवती हेलियमचा झोत अशी टॉर्च तयार केली; १९४२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. हेलियमवरून तिला ‘हेलिआर्क’ म्हणत. पुढे आर्गॉन स्वस्त झाला, आणि आज आपल्याकडे कुठल्याही एमआयडीसीत ‘आर्गॉन वेल्डिंग’ असाच बोर्ड दिसतो.

वायूने नवा ऑक्साइड धरणे थांबते, पण जो आधीच बसला आहे त्याचे काय? इथे विजेची दिशा उपयोगी पडते. इलेक्ट्रोड ऋण असताना उष्णतेचा मोठा वाटा, ढोबळमानाने दोन-तृतीयांश, तुकड्यात जातो: वितळण चांगली होते, पण थर तसाच राहतो. इलेक्ट्रोड धन केला की उलटे होते. आर्क तुकड्यावरचा ऑक्साइड फोडून काढतो, पण उष्णता टंगस्टनकडे येते. ३.२ मिलिमीटरचे टंगस्टन ऋण बाजूला अडीचशे अँपियर सहज सोसते. धन बाजूला चाळिशीतच त्याचा गोळा होऊ लागतो. तेव्हा तोडगा निघाला तो एसीचा: अर्धा फेरा तापवायचा, अर्धा फेरा साफ करायचा. जुनी ट्रान्सफॉर्मर मशीन घरच्या विजेच्याच ५० हर्ट्‌झवर चालत, म्हणजे करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येई आणि आर्क विझू नये म्हणून हाय फ्रिक्वेन्सीची ठिणगी सतत द्यावी लागे. आजच्या इन्व्हर्टर मशीनमध्ये दोन्ही भागांचे प्रमाण आणि फ्रिक्वेन्सी हवी तशी ठेवता येते. नवशिक्याने ऋण भाग ७० टक्क्यांच्या आसपास, फ्रिक्वेन्सी शंभराच्या जवळपास ठेवावी आणि पुढचे काही आठवडे त्या नॉबना हातच लावू नये. टाका बिघडला की नॉब फिरवण्याची खोड लागली, तर चूक हाताची की मशीनची हे कधीच कळत नाही.

आता टाका प्रत्यक्ष कसा पडतो ते जरा जवळून पाहू. समोर तीन मिलिमीटरचा साफ पत्रा, करंट साधारण १२५ अँपियरपर्यंत, टॉर्च जवळपास उभी, किंचित मागे कललेली. टोक आणि पत्रा यांत टंगस्टनच्या जाडीएवढेच अंतर. आर्क पेटला की त्याभोवती पांढुरके, धुके पडल्यासारखे एक कडे उमटते. तिथला ऑक्साइड उडालेला असतो. मधला भाग आधी मळकटच दिसतो, मग त्याला घाम फुटल्यासारखी ओल येते, आणि मग एकाएकी तो आरशासारखा लखलखतो. हा लखलखाट म्हणजे पडल, अर्थात वितळलेल्या धातूचे डबके, तयार झाल्याची खूण, आणि पत्र्याकडून मिळणारी हीच एकमेव सूचना. त्याच क्षणी रॉडचे टोक पडलच्या पुढच्या कडेला टेकवून मागे घ्यायचे, पण आर्गॉनच्या आडोशाबाहेर जाऊ द्यायचे नाही. गेले की गरम टोकावर लगेच ऑक्साइड धरतो आणि पुढच्या थेंबाबरोबर तो सांध्यात जातो. पडल तो थेंब गिळते, जरा फुगते. टॉर्च एक-दोन मिलिमीटर पुढे. पुन्हा लखलखाट, पुन्हा थेंब. नाण्यांची चळत आडवी पाडल्यासारखे जे टाके लोक कौतुकाने बघतात ते या तालातून येतात.

ताल पकडता येतो, पण तो टिकवणे अवघड, आणि त्याचे कारण उष्णता. ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या तीन-चार पट वेगाने उष्णता वाहून नेते. सुरुवातीला तुम्ही दिलेली धग सगळा पत्रा पिऊन टाकतो, म्हणून जोर लावावा लागतो. अर्ध्यावर येईपर्यंत पत्राच भरून आलेला असतो आणि तोच करंट आता जास्त होतो. टाका रुंद होत जातो, शेवटच्या कडेला धातू ओघळतो. म्हणून पायातले पेडल ही या कामातली चैन नव्हे, गरज आहे. शेवटी पेडल एकदम सोडले तर टाक्याच्या टोकाला खड्डा आणि त्यात चांदणीसारखी बारीक भेग राहते, कारण गोठताना हा धातू सुमारे सहा टक्के आकसतो. हळूहळू सोडत, वर एखादा जादा थेंब देऊन तो खड्डा भरायचा, आणि आर्क विझल्यावरही वायू थांबेपर्यंत टॉर्च जागेवरून हलवायची नाही.

टंगस्टन पडलमध्ये बुडेल. सगळ्यांचे बुडते. तडतड होते, काळी काजळी पसरते, आर्क भरकटतो. तसेच पुढे रेटण्यात अर्थ नसतो. थांबून टोक पुन्हा लांबीच्या दिशेने घासून घ्यावे, काजळी ब्रशने काढावी. टंगस्टन कोणते, यावर दुकानात चर्चा पुष्कळ रंगते. लाल पट्टीचे थोरियमयुक्त टंगस्टन किरणोत्सारी असते, त्याची घासलेली धूळ श्वासात जाऊ नये. निळ्या पट्टीचे लँथेनमचे घ्या आणि विषय संपवा.

साफसफाईबद्दल मी जरा आग्रहीच आहे, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम करणाऱ्याने तर याहून आग्रही असावे. द्रवरूप ॲल्युमिनियम हायड्रोजन मनसोक्त शोषते, पण गोठताना त्याची ही क्षमता जवळजवळ वीस पटींनी घसरते. कोंडलेला वायू मग टाक्यात बारीक छिद्रे करून बसतो. हा हायड्रोजन येतो तेलाच्या बोटांतून, ग्रीसमधून, आणि सर्वात जास्त दमटपणातून: रात्रभर उघड्या पडलेल्या रॉडवर, पत्र्यावर साचलेल्या ओलीतून. आधी ॲसिटोनने तेल पुसायचे, नंतर स्टेनलेसच्या ब्रशने घासायचे. क्रम उलटा केला तर ब्रश तेलच पत्र्यात रगडतो. तो ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवावा, शेजारच्याने लोखंडावर मारला की तो आपल्या कामातून गेला. पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मात्र कधीही घेऊ नका. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्याचा फॉस्जीन होऊ शकतो, आणि फॉस्जीन हा पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू आहे.

मग प्रश्न येतो, कोणते ॲल्युमिनियम? भंगारातून आणलेला तुकडा कोणत्या मिश्रधातूचा आहे हे कपाळावर लिहिलेले नसते, आणि फरक मोठा असतो. सरावाला ११०० किंवा ५०५२ चा पत्रा घ्यावा; दोन्ही समजूतदार आहेत. विमानात वापरतात ते ७०७५ टिगने जोडायच्या भानगडीत पडू नये, गोठता गोठता भेगाळते. आपल्याकडे सर्वात सहज हाती येतो तो खिडक्यांचा सेक्शन. तो बहुधा ६०६३ असतो, जोडायला चांगला. पण ॲनोडाइझ केलेला असला तर ज्या ऑक्साइडशी झगडायचे तोच कारखान्यात मुद्दाम हजारो पट जाड केलेला असतो. तो कडेपासून बोटभर तरी घासून काढल्याशिवाय आर्क नीट धरतच नाही. ६०६१ आणि ६०६३ फिलरशिवाय जोडू नयेत, भेग जवळजवळ ठरलेली. ४०४३ रॉडमधले पाच टक्के सिलिकॉन ती भेग टाळते आणि पडलही छान वाहते. ५३५६ मध्ये तेवढेच मॅग्नेशियम असते. टाका जास्त मजबूत, आणि नंतर ॲनोडाइझ करायचे असेल तर रंग जुळतो, ४०४३ चा टाका तिथे काळपट पडतो. पण सतत ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या भागाला ५३५६ घालू नये.

एक गोष्ट सुंदर टाक्यामागे लपते, ती आधीच सांगून ठेवतो. ६०६१-टी६ ची ताकद कारखान्यातल्या उष्णता-संस्काराने आलेली असते: सुमारे ३१० मेगापास्कल. वेल्डिंगच्या धगीने टाक्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा पुन्हा मऊ पडतो आणि हिशेबात १६५ च्या आसपासच धरावे लागतात. टाका कितीही देखणा असो, सायकलची फ्रेम किंवा शिडी मोडली तर ती टाक्याशेजारी मोडते. म्हणून ओळखीच्या माणसाने शिडी, टो-बार, मोटारसायकलचा स्विंग आर्म दुरुस्तीला आणला तर सुरुवातीच्या काळात निःसंकोच परत पाठवावा. बुलेटचा क्रँककेसही थांबू दे. जुन्या कास्टिंगच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. कितीही पुसा, तापले की आतून पाझरते आणि पडलमध्ये काळे ठिपके तरंगू लागतात.

या विद्येचा पल्ला मात्र लांबचा आहे. चंद्राकडे गेलेल्या सॅटर्न-५ च्या पहिल्या टप्प्याच्या दहा मीटर व्यासाच्या टाक्या २२१९ या मिश्रधातूच्या होत्या, आणि त्यांचे सांधे टिगनेच घातले होते. इस्रोच्या प्रक्षेपकांतही इंधनाच्या टाक्यांना हाच मिश्रधातू चालतो. मोठ्या उत्पादनात आज मिग आणि फ्रिक्शन स्टर वेल्डिंग पुढे गेले आहे. पातळ पत्रा, पाइप, आणि दुरुस्ती यांत टिगची जागा अजून कोणी घेतलेली नाही.

खर्चाचा अंदाज असावा: सात घनमीटरचा आर्गॉनचा बाटला मिनिटाला आठ लिटरने चालवला तर साधारण साडेचौदा तास आर्क चालतो. वायू वाढवला म्हणजे आडोसा वाढतो असे नाही. जास्त झाला तर तो घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. पंखा बंद ठेवा. चकचकीत पत्र्यावरून किरण उलटून हनुवटीखाली, गळ्यावर येतात, म्हणून सुती शर्टाचे वरचे बटण लावा. रस्त्याकडेला काळा गॉगल आणि चप्पल घालून चाललेल्या कामाकडे बघून शिकू नका. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो. टाकीत किंवा खड्ड्यात उतरून काम असेल तर हवा खेळती ठेवल्याशिवाय उतरायचे नाही.

सरावाचा क्रम मी असा ठेवीन: आधी फिलर न घेता नुसती पडल फिरवणे, मग सपाट पत्र्यावर रॉड देत टाके, आणि नंतर टी-जॉइंट. टी-जॉइंटमध्ये नवशिक्याची मोठी फसगत होते. दोन्ही पत्रे लखलखले, टाका पडला, पण कोपऱ्याचे मूळ वितळलेलेच नसते; फिलर वरून पूल बांधून मोकळा होतो. म्हणून एकाच बाजूने टाका घाला, गार होऊ द्या, आडवा पत्रा व्हाइसमध्ये आवळा आणि उभा पत्रा टाक्याकडे हातोडीने पाडा. मुळाशी पत्र्याची मूळची कड सरळ, स्वच्छ रेघेसारखी दिसली तर करंट दहा-पंधरा अँपियर वाढवा, आर्क आखूड धरा, कोपरा लखलखेपर्यंत रॉड देऊ नका, आणि दुसरा तुकडा घ्या.