कर्णवेध व व्रणाची निगा

कर्णवेध व व्रणाची निगा : अलंकार घालण्यासाठी कानाच्या पाळीला वा नाकपुडीला छिद्र पाडणे ही क्षणभराची क्रिया असली, तरी छिद्राला आतून नवी त्वचा येईपर्यंत ते एक जखमच असते. ती भरून येण्याच्या काळात घ्यावयाच्या काळजीचे नियम भारतीय वैद्यकात व लोकाचारात फार पूर्वीपासून आढळतात.

प्राचीन वैद्यक : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णवेध व तुटलेली पाळी सांधणे यांविषयी आहे. बालकाचे रक्षण व भूषण हे कर्णवेधाचे हेतू त्यात सांगितले आहेत. सहाव्या वा सातव्या महिन्यात, शुक्लपक्षात, बालकाला मांडीवर घेऊन व खेळण्यांनी रमवून कान टोचावा. मुलाचा उजवा व मुलीचा डावा कान प्रथम टोचावा, असे विधान आहे. पाळीतून सूर्यप्रकाश आरपार दिसतो ती जागा वेधास योग्य मानलेली असून पातळ पाळीसाठी सुई व जाड पाळीसाठी आरी वापरण्यास सांगितले आहे. वेधानंतर छिद्रात कापसाची वात घालून तीवर कच्चे तेल शिंपडावे व दर तीन दिवसांनी अधिक जाड वात घालावी. फार रक्त आले वा वेदना झाल्या, तर जागा चुकली असे समजावे. कालिका, मर्मरिका व लोहितिका या शिरांना इजा झाल्यास ज्वर, दाह, सूज, गाठी, मान ताठणे, आचके इ. उपद्रव होतात. जखम बिघडल्यास वात काढून टाकावी. ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठ, जव व तीळ यांचा मध-तुपातील लेप व्रण भरेपर्यंत लावावा आणि मगच कान पुन्हा टोचावा, असा उपचार सांगितला आहे.

उत्तरकालीन धर्मशास्त्रग्रंथांत कर्णवेधाची गणना सोळा संस्कारांत झाली. नाक टोचण्याची चाल मात्र बरीच नंतरची आहे. प्राचीन संस्कृत वाङ्मयात नथीचा उल्लेख आढळत नाही, ही बाब परशुराम कृष्ण गोडे यांनी आपल्या संशोधनात दाखवून दिली.

महाराष्ट्रातील लोकाचार : महाराष्ट्रात हे काम परंपरेने सोनाराचे. ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण अधिकारी व्यक्तीने केलेल्या उपदेशासंबंधी वापरली जात असली, तरी तिच्या मुळाशी सोनाराच्या सरावलेल्या हाताचा अनुभव आहे. तान्ह्या मुलाचे कान बहुधा सोन्याच्या बारीक तारेने टोचतात. पाळीवर कुडी, तर कानाच्या वरच्या भागात स्त्रियांची बुगडी व पुरुषांची भिकबाळी असे. ज्या घरात मुले जगत नसत तेथे मुलाचे नाक टोचून त्याला ‘नथू’ म्हणत. घरगुती उपचारांत खोबरेल व हळद लावणे, तार फिरवणे आणि छिद्र बुजू नये म्हणून कडुलिंबाची काडी घालणे हे प्रमुख होत.

डोंगरी भाग व धनुर्वात : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी इ. जमातींची वस्ती असलेल्या जव्हार व मोखाडा तालुक्यांतील (२०१४ पर्यंत ठाणे, त्यानंतर पालघर जिल्हा) सूर्यमाळसारख्या डोंगरी गावांत लहानशा जखमेचा प्रश्नही अधिक बिकट ठरतो. पावसाळ्यात जखम कोरडी ठेवणे अवघड असते. कुपोषित शरीरात ती सावकाश भरते व संसर्ग लवकर बळावतो. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२–९३ च्या सुमारास झालेल्या बालमृत्यूंनी या भागातील कुपोषणाकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले होते.

जखमेवर शेण, माती वा राख लावणे विशेष घातक आहे. कारण धनुर्वाताचे जंतू मातीत व जनावरांच्या शेणात असतात. मातीतील या जंतूंचा शोध १८८४ मध्ये लागला व कितासातो यांनी १८८९ मध्ये त्यांचे शुद्ध संवर्धन केले. टॉक्सॉइड लस १९२० नंतरच्या दशकात तयार झाली. भारतात १९७८ पासून विस्तारित लसीकरण कार्यक्रमातून बालकांना ही लस मिळू लागली. माता व नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे देशातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. परंतु जंतू मातीत कायम असल्याने लसीकरणाची गरज संपलेली नाही [⟶ धनुर्वात].

आधुनिक निगा : सुई निर्जंतुक व एकदाच वापरण्याची असावी, अन्यथा ब व क प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. निकेलमुळे अनेकांना अधिहर्षता होत असल्याने सोने, टिटॅनियम यांसारख्या धातूंचा दागिना घालतात. हात साबणाने धुतल्याखेरीज जखमेस स्पर्श करू नये. ती निर्जंतुक लवणजलाने स्वच्छ करून कोरडी ठेवावी. तार फिरवण्याची जुनी रीत आता त्याज्य मानली जाते. तिने नवी त्वचा फाटते. पाळीची जखम साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांत भरते. बुगडीच्या जागी कूर्चा असते. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने तेथील जखम भरण्यास कित्येक महिने लागतात व संसर्गाने कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. पू झाल्यास दागिना स्वतः काढू नये. छिद्र बुजून पू आत कोंडण्याचा संभव असतो. वाढती सूज व ताप दिसल्यास विलंब न करता, तर जबडा वा मान ताठल्यास तत्काळ, रुग्णास दवाखान्यात नेणे आवश्यक असते.