फोन्सेकांची मरिया आणि आमचा अजिंठा

गोव्याची यात्रा म्हटली, की आमच्याकडील ख्रिस्ती कुटुंबांच्या मनात प्रथम येते ते जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र शव. मेहरूणहून आम्ही निघालो तेही त्याच ओढीने. दर्शन झाले, मिस्सा झाली आणि हाताशी एक दिवस उरला. तो आम्ही मूर्ती आणि चित्रे पाहण्यात घालविला. त्या दिवसाचा एक धागा थेट आमच्या जळगावच्या वेशीपर्यंत येतो, म्हणून हे लिहावेसे वाटले.

सकाळी सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालय पाहिले. हे संग्रहालय १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ साली येथे आले. हस्तिदंत, लाकूड व चांदी यांत पोर्तुगीज अमदानीतील गोमंतकीय कारागिरांनी केलेले काम तेथे आहे. नमुना युरोपचा, हात मात्र येथला.

दुपारी पर्वरीला येशूसंघीय धर्मगुरूंच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेत गेलो. तेथे आंजेलो दा फोन्सेका या चित्रकाराच्या कामाचा मोठा संग्रह आहे. त्यांची मरिया साडी नेसते, डोक्यावर पदर घेते. तिचा वर्ण आपला आहे, बसण्याची ढब आपली आहे. आमच्याबरोबरच्या एक वयस्कर मावशी एका चित्रापुढे बराच वेळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "ही तर आपल्याकडची बाई दिसते हो!" त्यांच्या स्वरात आनंद होता की तक्रार, हे आम्हाला तेव्हा उमगले नाही. कदाचित त्यांनाही उमगले नसेल.

फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतु इस्तेव्ह या बेटावर झाला. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून ते मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात दाखल झाले. तेथील पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणाने समाधान न झाल्यामुळे त्यांनी बंगालची वाट धरली आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्यापाशी धडे गिरविले. १९३०च्या सुमारास गोव्यात परतून त्यांनी मरियेला आपल्या मातीतील स्त्रीचे रूप दिले. तेथील कित्येक भाविकांना तो पावित्र्याचा भंग वाटला. फोन्सेकांना गोवा सोडावा लागला.

त्यांना आसरा दिला तो महाराष्ट्राने. पुण्याचा ख्रिस्त प्रेम सेवा संघ हा आश्रम मुळात १९२२ साली अहमदनगरला जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी स्थापन केला होता. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या विचारांचा विन्स्लो यांच्यावर मोठा प्रभाव होता. या अँग्लिकन आश्रमात राहून एका कॅथलिक चित्रकाराने आयुष्यभर येशू आणि मरिया रंगविली, ही गोष्ट विचार करायला लावते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनीही त्यांना उत्तेजन दिले. १९५१ साली आयव्ही मिनेझिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि पुढील मरियेच्या चेहऱ्यात आयव्हीबाईंची छटा उतरली. १९६७ साली फोन्सेका निवर्तले. त्यांची चित्रे आयव्हीबाईंनी सांभाळली व पुढे पर्वरीच्या संस्थेकडे सोपविली.

येथे एक कबुली देणे भाग आहे. गोमंतकीयांना दोष देणे सोपे आहे. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका नाताळात गोठ्यातील मरियेला लुगडे नेसवावे आणि योसेफाला पागोटे बांधावे, असे काही तरुणांनी सुचविले होते, तेव्हा 'नको' म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. लोक हसतील, असे कारण आम्ही दिले. खरे कारण असे, की निळ्या डोळ्यांच्या मरियेपुढे गुडघे टेकण्याची आम्हाला सवय होती आणि शेतातून भारा घेऊन येणारी आपली आई तिच्या जागी ठेवण्याचे धैर्य नव्हते. हरेगावला मात्र आपण तिला 'मतमाउली' म्हणतो. शब्द आपला चालतो, चेहरा चालत नाही! कोणतीही एक शैली ख्रिस्तसभेने केवळ आपली मानलेली नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले होते. आम्ही ते वाचलेही होते.

आता तो धागा. फोन्सेकांचे गुरू नंदलाल बोस १९०९च्या हिवाळ्यात अजिंठ्याला आले. लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम हाती घेतले होते आणि तिच्या मदतीला कलकत्त्याहून जे तरुण आले त्यांत नंदलाल होते. अजिंठा तेव्हा निजामाच्या हद्दीत होता. त्यापूर्वी मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. (हे गिल भुसावळला पुरलेले आहेत, भुसावळला आमचे जाणे-येणे नित्याचे, पण त्या थडग्यापाशी आम्ही कधी थांबलो नाही.) पुढे जे. जे.च्या विद्यार्थ्यांसह जॉन ग्रिफिथ्स यांनी केलेल्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५च्या आगीत नष्ट झाल्या. नंदलालांनी मात्र अजिंठ्याची रेषा आपल्या हातात उतरवून नेली. ती वळणदार, शांत रेषा बंगालच्या नव्या चित्रकलेत मुरली, शिष्यांना मिळाली आणि त्यांतल्या एकाच्या कुंचल्यातून मरियेच्या पदराची कड झाली. पर्वरीत आम्ही जे पाहिले, ते एका अर्थी आमच्या शेजारून निघून, बंगाल फिरून गोव्यात पोचले होते.

परतल्यावर एका रविवारी मिस्सेनंतर आम्ही मुलांना घेऊन नेरी, पहूर, वाकोदवरून फर्दापूर गाठले. जळगावपासून साठेक किलोमीटरांचा रस्ता. आजवर पाहुणे आले तरच जाणे होई. सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेऊन उभा असलेला भव्य बुद्ध आहे. त्याच्यापुढे एक आई आपल्या लहानग्याला पुढे करून उभी आहे. ती यशोधरा आणि राहुल असल्याचे मानतात. अंधारात डोळे सरावायला वेळ लागला. मावशींनी डोक्यावरचा पदर सावरला आणि त्या लहानग्याकडे बोट करून आमच्या धाकट्याला म्हणाल्या, "बघ, त्याची आईच त्याला पुढे करतेय."