निघण्यासाठी चिकटलेलं

आमच्या घरी एक जुनी राजदूत आहे. अब्बांनी 1984 साली ती कुणाकडून तरी वापरलेली घेतली. अब्बा शाळामास्तर, माझे मामू पेंटर. मिरजेत दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, नंबरप्लेटी हा त्यांचा धंदा. गाडी दारात उभी राहिली त्याच संध्याकाळी मामूंनी खारीच्या केसांचा लांब ब्रश काढला, टाकीच्या कडेनं एक पिवळी रेघ ओढली आणि बाजूच्या डब्यावर लिहिलं, ‘मास्तर’. पट्टी नाही, पेन्सिलीची खूण नाही. करंगळी टाकीला टेकवायची आणि श्वास धरायचा, इतकंच.

पाच वर्षांनी मी कॉलेजात गेलो आणि त्या ‘मास्तर’वर झेपावणाऱ्या वाघाचं स्टिकर चिकटवलं. मामूंनी ते पाहिलं, अंगठा फिरवला आणि विचारलं, “नीट बसलाय ना रे? हवा राहिली नाही ना आत?” बाकी काही बोलले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात ते स्टिकर काढायला बसलो, तेव्हा मामू नव्हते, अब्बाही नव्हते. आणि प्रश्न साधा होता. वाघ जावा, ‘मास्तर’ राहावा. हा प्रश्न केवढा जुना आहे, हे शोधायला गेल्यावर कळलं.

1920च्या सुमारास अमेरिकेत दुरंगी मोटारींची टूम निघाली होती. एक रंग मारायचा, तो वाळला की त्यावर कागद लावून झाकायचा आणि उरलेल्या भागावर दुसरा रंग मारायचा. झाकायला खाटकाचा कागद, वर्तमानपत्रं, दवाखान्यातली चिकटपट्टी, जे मिळेल ते. कागद ओढला की खालचा ताजा रंगही सोबत यायचा. मग पुन्हा घासा, पुन्हा रंगवा. सेंट पॉल शहरातल्या अशाच एका गॅरेजात रिचर्ड ड्रू नावाचा तरुण पॉलिशकागदाचे नमुने घेऊन गेला होता. त्याची कंपनी थ्री-एम तेव्हा मुख्यतः पॉलिशकागदच बनवायची. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला हा गडी एके काळी नाचाच्या बँडमध्ये बँजो वाजवून पैसे मिळवायचा. तंतुवाद्यांच्या गावातला असल्यामुळे मला त्याच्याविषयी उगाचच आपुलकी वाटते. रंगाऱ्यांच्या शिव्या ऐकून तो म्हणाला, मी करतो काहीतरी.

चिकटवणारा डिंक तर जगात भरपूर होता. हवा होता तो धरून ठेवणारा आणि सांगितलं की सोडणारा. वरिष्ठांनी मध्येच काम थांबवायला सांगितलं, तरी ड्रू थांबला नाही. शेवटी सुतारी सरस, तो वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीन, आणि वळणावर ताणून बसेल असा चुण्यांचा क्रेप कागद, असा मेळ जमला. 1925 साली मास्किंग टेप आली. पहिल्या पट्टीला फक्त कडांना गोंद होता म्हणून ती गळून पडली आणि एक रंगारी स्कॉटिश लोकांच्या कंजूषपणावरून काही बोलला, त्यावरून ‘स्कॉच’ हे नाव पडलं, अशी कथा सांगतात.

दहा वर्षांनी, 1935 साली, लॉस एंजेलिसमध्ये स्टॅन एव्हरीनं पाठीला गोंद असलेली किमतीची लेबलं काढली. यंत्र त्यानं घरीच जुळवलं होतं, त्यात धुलाईयंत्राची मोटर आणि शिलाईयंत्राचे भाग होते. दुकानातल्या वस्तूवर लावा, विकली की काढा, डाग नाही. कंपनीचं नावच ‘कम क्लीन’ होतं, म्हणजे स्वच्छ निघणारं. म्हणजे आपण ज्याला स्टिकर म्हणतो त्याचा वाडवडील हा चिकटण्यापेक्षा निघण्यासाठी जन्माला आला होता. पुढे कागदाची जागा पीव्हीसीनं घेतली. मुळात कडक असलेलं हे प्लॅस्टिक तेलकट द्रव्यं घालून मऊ करण्याची युक्ती वाल्डो सेमन यानं 1926 सालीच शोधली होती.

आपल्याकडे हे सारं उशिरा आलं. मद्रासच्या बुलेटच्या टाकीवर हातानं रेघा ओढणारे कारागीर कित्येक दशकं टिकले. पण 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली, यामाहाची आरएक्स 100 आली, आणि टाकीवरचे पट्टे कारखान्यातूनच चिकटून येऊ लागले. मामूंकडे गाडी रंगवायला येणारी पोरं हळूहळू स्टिकरच्या दुकानात वळली. त्यांत त्यांचा भाचाही होता.

तर माझा वाघ. पस्तीसेक वर्षांच्या उन्हानं त्याच्यातली मऊ ठेवणारी द्रव्यं उडून गेलेली. प्लॅस्टिक पापडासारखं झालेलं, नखानं ओढलं की तुकडा पडायचा. गॅरेजवाला म्हणाला, “चाचा, थिनर मारा, दोन मिनिटांत साफ.” थिनरनं वाघ गेला असता आणि मामूंचा हवेवर वाळलेला ऑइल पेंटही गेला असता. मी गाडी सकाळच्या उन्हात लावली. गरम पाण्यात पिळलेला पंचा वाघावर ठेवला, गार झाला की पुन्हा. गोंद ऊबेनं सैल होतो. कोपरा सुटला की स्टिकर वर उचलायचं नाही, ते स्वतःवरच मागे दुमडून पत्र्याला लगटून ओढायचं, आणि अगदी सावकाश. घाई केली की गोंद ताठरतो आणि रंगाला धरून येतो. उरलेल्या चिकट्याला खोबरेल लावून अर्धा तास सोडलं, मऊ फडक्यानं टिपलं, मग साबणाचं पाणी. (नव्या गाड्यांवर एक तपासून घ्या. पट्ट्याची कड नखाला लागत नसेल तर तो वरच्या लॅकरखाली आहे. त्याच्या नादी लागू नका.)

दुपारपर्यंत ‘मास्त’ बाहेर आलं. वाघाखालचा पत्रा बाकीच्या टाकीपेक्षा गडद निघाला, 1989 चा रंग तसाच. शेवटच्या पंजाशी माझा धीर सुटला असावा. स्टिकर उलटं करून पाहिलं तर गोंदात पिवळा ‘र’ अडकलेला होता, आरशात दिसतो तसा उलटा. मुलगा म्हणाला, “अब्बा, नवा काढून घेऊ ना पेंटरकडून.” त्याला म्हटलं, बघू. वाघाचा तो तुकडा गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवला आहे, मेणकागदावर, परत चिकटू नये म्हणून.